रबर सगळ्यात शेवटी

"ताई, तुम्ही आत बसा," मिस्त्री म्हणतात. मी चढते, ते बाहेरून सरकता दरवाजा ओढून घेतात, आणि काचा बंद असलेल्या मारुती ओम्नीत मी एकटी घामाने निथळत बसते. जूनचा पहिला आठवडा आहे. काल संध्याकाळी वळीव येऊन गेलाय, त्यामुळे आज कोल्हापूर नुसतं उकडतंय.

"उजेड कुठं दिसतोय ते सांगा," बाहेरून आवाज येतो.

उजेड दिसतोय. दरवाज्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची पांढरी रेघ आहे. वर, पुढच्या बाजूला, आणखी एक, पहिलीपेक्षा बारीक. तिथे बोट धरलं की बाहेरची गरम हवा बोटाला लागते. मी सांगत जाते आणि बाहेरून पत्र्यावर खडूने खूण केल्याचा आवाज येत राहतो. खाली मॅटवर पाय ठेवला की पचकन होतं. कालच्या एका वळवाचं पाणी अजून आत आहे.

दार उघडल्यावर मामा पहिलं वाक्य बोलतात ते असं, "रबर गेलंय. सांगितलं होतं की मी. रबर टाका, विषय संपला."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. ते मॅट उचलतात, खालची जाड गोणपाटी दाबून बघतात, बोटं नाकाशी नेतात. मग गुडघ्यावर बसून दरवाजा खालून दोन्ही हातांनी उचलून बघतात. दरवाजा खटकन वर जातो, सोडला की खटकन खाली येतो. "रबर नंतर," ते म्हणतात. "आधी हे बघा."

ही व्हॅन मामांची. सकाळ-दुपार शाळेची मुलं, सुट्टीत जोतिबाच्या नाहीतर नरसोबाच्या वाडीच्या फेऱ्या. माझी लेक डावीकडच्या सरकत्या दाराशी बसते, कारण ती सगळ्यात शेवटी चढते आणि आधी उतरते. मागच्या पावसाळ्यात तिच्या दप्तराचा एकच कोपरा रोज ओला असायचा. 15 जूनला शाळा सुरू होतील. त्याआधी काम करून घेऊ, मीही येते बघायला, असं मामांना म्हटलं. मामांना ते फारसं आवडलेलं नाही. पण पालक म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही, म्हणून मी या शिवाजी उद्यमनगरातल्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेय. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला ओतकामाचा कच्चा माल, आणि मधल्या शेडमध्ये डेंटिंग, पेंटिंग, काच आणि रबर अशी सगळी कामं.

मारुतीने ही गाडी 1984 मध्ये आणली तेव्हा तिचं नाव साधं व्हॅन होतं. ओम्नी हे नाव नंतरचं. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. हिंदी सिनेमाने तिला अपहरणाची गाडी करून ठेवली, ते या सरकत्या दरवाज्यामुळेच. चालत्या माणसाला आत ओढायला त्याच्याइतकी सोय कुठल्या गाडीत नव्हती. इंजिन 796 सीसीचं, तेही पुढच्या सीटखाली, त्यामुळे पाऊस नसला तरी आतली माणसं गरमच राहतात. कोल्हापुरात अजून बऱ्याच ओम्नी फिरतात आणि जून उजाडला की त्यांतल्या काही या शेडमध्ये येतात.

आता मिस्त्री मला दरवाजा समजावून सांगताहेत. सांगणं मला उद्देशून आहे, पण ऐकवायचंय मामांना. सरकता दरवाजा तीन ठिकाणी तोललेला असतो: वर एक रूळ, खाली पायरीजवळ एक, आणि मागे, काचेच्या खाली पत्र्यावर दिसते ती पन्हळी, तो तिसरा. दार पूर्ण मागून पुढे येतं तोवर ते रबराला शिवतही नाही. शेवटच्या वीतभर अंतरात रूळ आत वळतात, आणि तेव्हा कुठे दार आत येऊन रबरावर दाबलं जातं. म्हणून रबर टिकतं. पण रोलर झिजला की दार खाली लोंबतं, आणि लोंबलेलं दार दाबायच्या ऐवजी घासत बसतं. खडूची खूण नेमकी त्याच कोपऱ्यात आहे.

"म्हणजे नवीन रबर टाकलं तर?" मी विचारते.

"दिवाळीपतोर पुरंल," मिस्त्री म्हणतात. "मग मामा मला शिव्या घालत येणार, रबर खराब दिलं म्हणून."

मामा आकाशाकडे बघतात. रोलरचा खर्च हिशेबात नव्हता.

मिस्त्रींचा हाताखालचा पोरगा, सगळे त्याला बारक्या म्हणतात, पायरीवरच्या पट्टीचे स्क्रू काढायला बसलाय. चारांतले दोन सहज निघतात. तिसरा गंजलाय, त्यावर तेलाचे दोन थेंब सोडून तो वाट बघतो. चौथ्याचं डोकंच घासून गेलंय, त्यात पेचकस धरतच नाही. बारक्या पान्याने त्याची कड पकडतो, जोर लावतो, आणि स्क्रू अर्धा तुटून हातात येतो. उरलेला अर्धा नंतर ड्रिलने काढायचा. पट्टी निघाल्यावर रबराचं खालचं टोक मोकळं होतं. मिस्त्री ते चिमटीत धरून ओढतात, आणि करकरत ते चौकटीवरून सुटत जातं, मागच्या खांबावरून वर, छताच्या कडेने पुढे, पुढच्या खांबावरून परत खाली. शेवटी सगळं जमिनीवर पडतं, मेलेल्या धामणीसारखं.

मी ते उचलून बघते. बिडिंग म्हणतात ते हेच. याचे दोन भाग असतात. एक चिमटा, जो चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर बसतो, त्याच्या आत लोखंडी पट्टीचे दाते. दुसरी त्याला चिकटलेली पोकळ नळी, मऊ, जिच्यावर दार दाबलं जातं. या रबराची नळी खालच्या बाजूला सपाट होऊन गेलीय, बोटाने दाबलं तर आत काही जातच नाही. वर, उन्हाच्या बाजूला, केसाएवढ्या आडव्या भेगा. मुलं जिथे पाय ठेवून चढतात तिथे नळी फाटून उघडी पडलीय. आतली लोखंडी पट्टी गंजून तिचा लाल भुगा हाताला लागतो. आणि जागोजागी चिकटवलेलं काहीबाही: पिवळं सोल्युशन, पांढरं सिलिकॉन, एके ठिकाणी चक्क इन्सुलेशन टेप.

खालच्या रुळातून बारक्या मुलांचं सामान काढतोय. पेन्सिलीचं टोक, केसांची पिन, शेंगदाण्याची फोलपटं, कडक झालेली जेम्सची गोळी. हे सगळं रोलरच्या वाटेत असतं आणि दरवेळी दार त्यावरून जातं. मामा म्हणतात, "पोरं हायत, काय करणार." त्यांच्या आवाजात मुलांबद्दल राग नाही, हे मी मनात नोंदवते.

चौकट उघडी पडल्यावर खरं काम दिसतं. पत्र्याची ही कड म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिकठिकाणी वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेले. रबराच्या चिमट्यात साचलेलं पाणी या दोन पत्र्यांच्या मधे शिरतं आणि तिथून गंज सुरू होतो. खालच्या बाजूला हातभर लांबीत कड फुगलीय आणि एका ठिकाणी तिला लाट पडलीय. बहुतेक कुणीतरी जड सामान आपटलेलं. मिस्त्री पकडीने कड धरून सरळ करतात, मागे लोखंडाचा ठोकळा लावून हातोडीने हलके ठोके देतात, परत डोळा लावून बघतात. ब्रश, मग पॉलिशपेपर, मग थिनरची चिंधी. जुन्या सोल्युशनचा थर निघायला वेळ लागतो. खरडून, पुसून, परत खरडून. हे काम बघायला कंटाळवाणं आहे, आणि करायला त्याहून. माझी खात्री आहे, गाड्यांची अर्धी रबरं याच टप्प्यावर वाया जातात, कारण इथे कुणी वेळ देत नाही. नवीन रबर फुगलेल्या गंजावर दाबून बसवलं की दुपारपर्यंत गाडी तयार, आणि गिऱ्हाईकही खूश.

गंज साफ केलेल्या जागी रेडऑक्साईड लागतं. आता ते वाळेपर्यंत चहा.

चहा येतो तेव्हा मामा त्यांनी आणलेली पिशवी पुढे करतात. आत मीटरवर मिळणारं रबर, गुंडाळी केलेलं. मिस्त्री ते उलगडून नळी अंगठ्याने दाबतात आणि सोडतात. खळगा तसाच राहतो, मग सावकाश, नाइलाजाने वर येतो. ते आतल्या फळीवरून दुसरा तुकडा आणतात, तोही तसाच दाबतात. अंगठा उचलायच्या आत नळी गोल.

"ताई, तुम्ही बघा."

मी दोन्ही दाबून बघते. मामांचं रबर जड आहे आणि त्याला उग्र वास आहे. दुसरं हलकं, कापलेल्या तोंडाशी बारीक बारीक छिद्रं दिसतात, स्पंजची. मी बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे पुढचं मला गप्प बसून ऐकवत नाही. रबर म्हटलं की आपल्याला केरळातली झाडं आठवतात, पण दाराच्या या चांगल्या रबराला झाडाचा चीक लागलेला नसतो. याचं नाव ईपीडीएम. एथिलीन, प्रॉपिलीन आणि थोडं डाईन, कच्चा माल खनिज तेलातून आलेला. झाडाच्या रबराच्या रेणूंच्या लांब साखळीत ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात, आणि हवेतला ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. रबर ताणलेलं असेल तर ताणाच्या आडव्या दिशेने भेगा पडत जातात. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंध नसतातच. गंधकाने जोडकाम करायला जेवढे हवेत तेवढे बाजूला लटकलेले. त्यामुळे ऊन, पाऊस, ओझोन याला बराच काळ पचतो. हे रबर ज्या उत्प्रेरकांमुळे शक्य झालं, त्या कामासाठी झिग्लर आणि नाट्टा यांना 1963 चं नोबेल मिळालं. काळा रंग काजळीचा, तीही नुसती दिसायला नाही, उन्हातले अतिनील किरण ती झेलते.

मिस्त्री ऐकून घेतात. "आणि तेल लावलं तर?" ते विचारतात. उत्तर त्यांना माहीत आहे, नजर मामांकडे आहे.

"फुगतं. सैल पडतं."

"ऐका मामा. तेलातनं झालेलं, आणि तेलच चालत न्हाई."

मामा दर महिन्याला दाराच्या रबराला इंजिन ऑइलचा हात फिरवतात, मऊ राहावं म्हणून. त्यांच्या वडिलांनी बैलगाडीच्या आसाला तेच केलेलं असणार, यात त्यांची काय चूक. "मग काय लावायचं?" ते जरा घुश्शातच विचारतात. काही नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. फारच चिकटायला लागलं तर सिलिकॉनचा फवारा, नाहीतर चिमूटभर टाल्कम पावडर. मीटरचं रबर परत पिशवीत जातं. किमतीतला फरक दोन-तीनशेचा आहे आणि त्यावर दहा मिनिटं घासाघीस होते. मी मधे पडत नाही.

रंग वाळतोय तोवर मिस्त्री पुढच्या दरवाज्याकडे वळतात. तिथली मॅटही ओली आहे, पण तिथलं रबर बऱ्यापैकी आहे. ते खाली वाकून दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवतात आणि बारक्याला तार आणायला सांगतात. पुढच्या दाराची काच वर-खाली होते, म्हणजे काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच. कंपनीने ते गृहीत धरलेलं असतं आणि पाणी निघून जायला खालच्या कडेला छिद्रं ठेवलेली असतात. बारक्या तार खुपसतो, फिरवतो, ओढतो. आधी चिखलाचा गोळा, मग पानाचा चोथा, आणि मग तांबूस पाण्याची धार त्याच्या चपलेवर. किती वेळ ती वाहते! दारात एवढं पाणी घेऊन ही गाडी फिरत होती.

"2019 ला तर काय सांगायचं," मिस्त्री म्हणतात. ऑगस्टमधल्या त्या महापुरात शाहूपुरीपासून कुठकुठल्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर आलेल्या गाड्यांचं प्रत्येक रबर काढावं लागायचं, फाटलेलं नसलं तरी. चिमट्याच्या आत गाळ भरलेला असायचा आणि तो तसाच ठेवला की चौकट आतून सडत जायची. लोक सीट धुवायचे, इंजिन खोलायचे, आणि रबराला हात लावायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी पत्रा हातात यायचा.

नवीन रोलर बसतो. दार आता उचललं तर हलत नाही. मगच रबराची पाळी येते.

मिस्त्री सुरुवात खालून करतात, पायरीच्या मधोमध. सांधा कुठेतरी येणारच, तो वर आला तर पाणी त्यातून आत झिरपेल. खाली असला तर पाण्याला तिकडे जायचं कारणच नाही. नळी दाराच्या बाजूला, चिमटा पत्र्यावर, आणि तळहाताने ठोकत ठोकत ते पुढे सरकतात. सरळ भागात हात झपाझप चालतो. कोपरा आला की मंदावतो. इथे बारक्याला ते काम देत नाहीत, नुसतं बघायला सांगतात. कोपऱ्यात रबर ताणायचं नाही, उलट मागून थोडं ढकलत न्यायचं, जणू जरा जास्तच भरतोय. ताणलेलं रबर बसवताना छान दिसतं, मग उन्हात आपल्या मूळ लांबीवर यायला बघतं आणि कोपरा सोडून वर उचललं जातं. सगळीकडची पहिली गळती तिथूनच.

एका जागी चिमटा ढिला बसतो. ते पकडीने आतली लोखंडी पट्टी जराशी आवळून परत ठोकतात. शेवटी टोकं समोरासमोर येतात तेव्हा ते बरोबर कापत नाहीत. करंगळीच्या नखाएवढं जास्त ठेवतात, दोन्ही टोकांना सोल्युशन लावतात आणि जास्तीचा तो भाग दाबून बसवतात, म्हणजे टोकं एकमेकांना रेटत राहतील.

मामा पुढे होतात आणि दार धाडकन ओढतात. दार शेवटच्या इंचावर अडतं, परत मागे येतं. ते दुप्पट जोराने ओढतात.

"अवो, गप की जरा!" मिस्त्री ओरडतात. "नवीन हाय. नळीतली हवा बाहेर पडाय नको व्हय?"

नळीला ठरावीक अंतरावर टाचणीएवढी भोकं असतात. दार दाबलं गेलं की हवा त्यातून निघते, सोडलं की परत आत येते. जोराने आपटलं तर हवेला निघायला वेळ मिळत नाही. थोडे दिवस दार जडच लागेल, मग नळी आपली जागा धरेल. तरीही मिस्त्री चौकटीवरच्या लॉकच्या आकड्याभोवती पेन्सिलने रेघ मारून घेतात, स्क्रू ढिले करतात, आकडा केसभर बाहेर सरकवतात आणि पुन्हा आवळतात. रेघ अशासाठी की जमलं नाही तर मूळ जागी येता यावं. मग दहाची नोट रबरावर ठेवून दार लावतात आणि नोट ओढतात. अडखळत निघते. थोडं खाली, परत. पुढच्या खांबाशी, परत. एका जागी नोट अलगद येते, तिथे ते पत्र्याची कड पकडीने किंचित बाहेर वळवतात. पूर्ण फेरी होईपर्यंत नोटेची पार चुरगळ होते आणि मामा ती परत मागून घेतात.

आता पाइप. मी पुन्हा आत, या वेळी हातात टॉर्च. बारक्या पाणी सोडतो, पण खालून. आधी पायरीवर, मग दाराच्या मध्यावर, मग वर, आणि प्रत्येक उंचीवर थोडं थांबून. सगळीकडे एकदम मारलं तर पाणी आलं कुठून ते कळत नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा धरायचा नाही, कारण पाऊस काही तसा येत नाही. खालचा कोपरा कोरडा. मधला भाग कोरडा. वरचा कोपरा कोरडा. मी जवळजवळ बाहेर यायलाच निघालेय, तोच पाणी छपरावर पोचतं आणि माझ्या खांद्यावर थेंब पडतो. रबरावरून नाही. रबराच्या आतल्या बाजूने, छताच्या अस्तरामागून.

मिस्त्री स्टुलावर चढून छताची कड बघतात. ओम्नीच्या छताला दोन्ही बाजूंनी पत्र्याची पन्हळ असते, पाणी दारावर न सोडता पुढे-मागे नेणारी. तिच्या सांध्यात भरलेलं सीलंट वाळून तडकलंय. वरून रंगाचा हात मारलेला असल्यामुळे तडा दिसत नव्हता. दप्तराचा तो कोपरा मागच्या वर्षी भिजला तो बहुधा यानेच, दाराच्या फटीमुळे नव्हे. खरवडून नवं सीलंट भरायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं, म्हणजे गाडी आज मिळत नाही. मामांना उद्या सकाळी वाडीची फेरी आहे. फोनवर फोन होतात, शेवटी भावाची गाडी ठरते.

"मग थांबलीच हाय तर उजवी बाजू पण बघूया," मिस्त्री म्हणतात.

"ती बरी हाय," मामा घाईने म्हणतात. "उघडतच न्हाई मी ती. रस्त्याच्या बाजूला पोरं उतराय नकोत."

तोवर बारक्याने उजवा दरवाजा ओढायला घेतलाय. तो सुटत नाही. बरेच दिवस न उघडलेलं रबर रंगाला चिकटून बसलंय. बारक्या खांदा लावतो आणि दार चर्रर्र आवाज करत सुटतं. मिस्त्री खाली बसतात, रबराचं टोक चिमटीत धरून ओढतात. रबर निघतं. त्याच्या मागे, चौकटीलाच घट्ट चिकटलेलं, आणखी एक रबर आहे, सपाट, फोमचं, पार चुरा झालेलं.

मिस्त्री हात थांबवून बघत राहतात. "हे कुठल्या शहाण्यानं केलं ओ? खालचं न काढताच वर दुसरं?"

मामा पाइपचं वेटोळं नीट करायला लागलेत. बराच वेळ ते नीट करतात.

"लॉकडाऊनमध्ये," ते शेवटी म्हणतात. "घरी बसून काय करणार माणूस?"